आपल्या नगराची यात्रा

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर येथे भरलेल्या कौटुंबिक संमेलनातील व्याख्यान)



न्यासाच्या पंचवीस वर्षांच्या कार्याचा आढावा चिटणिसांनी नुकताच आपल्यापुढे मांडला. त्यात शिष्यवृत्त्या आल्या, पुस्तकपेढी आली, औषधोपचारास दिलेले साहाय्य आले. त्या सत्कार्यात भर घालण्याजोगे आमच्याजवळ द्रव्य नाही. शिक्षकाजवळ असते ती एखादी सूचना. ती सूचना करण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, म्हणून आजचा विषय घेतला आहे: आपले नगर कसे पाहावे, आणि ते आपल्या मुलांस कसे दाखवावे.

कोणी म्हणेल, ग्वाल्हेरात राहणाऱ्यांस ग्वाल्हेर काय दाखवायचे? किल्ला तर उठल्याबसल्या नजरेस पडतो! पण नजरेस पडणे वेगळे आणि पाहणे वेगळे. आम्ही इतिहासाचा तास घेताना मुलांना विचारतो, ‘किल्ल्याखालून रोज जाणाऱ्यांपैकी किल्ल्यावर किती जण गेले आहेत?’ हात थोडेच वर येतात. ‘चतुर्भुज मंदिर कोणी पाहिले?’ म्हणून विचारले, तर वर्गात शांतता पसरते. हीच मुले सुट्टीत मुंबईस जातात, पुण्यास जातात, शनिवारवाडा पाहून येतात. त्यात वाईट काही नाही. परंतु घरचा देव उपाशी ठेवून तीर्थाटन करावे, त्यातलाच हा प्रकार होय.

प्रथम जरा दूरचे उदाहरण घेऊ. चीन देशात शीआन नावाचे एक पुरातन नगर आहे. त्याचे जुने नाव छांगआन. आपल्या पाठ्यपुस्तकात ज्याचे नाव येते तो यात्रेकरू युआन श्वांग याच नगरातून हिंदुस्थानास निघाला आणि इ. स. ६४५ मध्ये ग्रंथांचा मोठा संग्रह घेऊन तेथेच परतला. याच प्रवाशाने महाराष्ट्रातील लोकांच्या मानी व कृतज्ञ स्वभावाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याने नेलेले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून इ. स. ६५२ मध्ये जो मनोरा बांधण्यात आला, तो अद्याप उभा आहे. नगराभोवती चौदाव्या शतकात बांधलेला, सुमारे चौदा किलोमीटर घेराचा कोट आहे आणि लोक त्यावरून पायी व सायकलीवरून फिरतात. त्याच नगरात मुसलमानांची एक जुनी मोठी मशीद आहे. तिची बांधणी सर्वस्वी चिनी वळणाची; एकामागून एक चौक, बागा, आणि अजान देण्याचा मनोरासुद्धा चिनी छपराचा. तेथून काही अंतरावर १९७४ साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना मातीच्या सैनिकांचे अवशेष सापडले आणि दोन हजार वर्षांपूर्वीची एक संपूर्ण मृण्मय सेना जमिनीतून वर आली.

हे सांगण्याचा हेतू शीआनची थोरवी गाण्याचा नाही. बौद्धांचा मनोरा, मुसलमानांची मशीद, राजांचा कोट आणि शेतकऱ्याची विहीर ही सारी मिळून एक नगर होते, आणि तेथील नागरिक त्या सर्वांस मिळून आपले म्हणतात, एवढेच ध्यानी घ्यावयाचे आहे. ग्वाल्हेरही तसेच नगर आहे. किंबहुना ते पाहण्यास आपल्याला पारपत्रसुद्धा लागत नाही.

आता किल्ल्याकडे वळू. बहुतेक लोक पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याकडून वाहनाने वर जातात. आमचे म्हणणे असे की, ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी पूर्वेकडून, किला गेटाकडून, पायी चढावे. कारण त्या एका चढणीतच हजार वर्षांचा इतिहास ओळीने मांडलेला आहे. पायथ्याशी आलमगिरी दरवाजा, त्याच्या आत गुजरी महाल. राजा मानसिंह तोमर (राज्यकाल १४८६ ते १५१६) याने आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, तो बांधला. आज तेथे पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि त्याच्या उभारणीत ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे या मराठी विद्वानाचा मोठा वाटा होता. ग्यारसपूरची शालभंजिका याच संग्रहालयात आहे. मूर्ती लहानशी, हात तुटलेले. पण तिच्या मुखावरचे हास्य पाहून मागे फिरलेला मनुष्य पुन्हा वळून पाहतो.

चढण चढताना लक्ष्मण दरवाज्याच्या अलीकडे एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर लागते. मंदिर इतके लहान की वाटसरू त्याच्यावरून नजर न फिरवताच पुढे जातो. बालमित्रांनो, येथे मात्र तुम्ही थांबले पाहिजे. तेथील विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात लिहिली आहे आणि देवास रोज ५० माळा देण्याची व्यवस्था नोंदली आहे. या २७० मध्ये आणि ५० मध्ये जे लहानसे वर्तुळ आहे, ते शून्य! जगात दगडावर कोरलेली जी अतिप्राचीन शून्ये आजवर आढळली, त्यांत याची गणना होते. तुम्ही पाटीवर जे शून्य काढता आणि परीक्षेत ज्याला भिता, त्याचे हे पूर्वज. कोण्या पंडिताच्या ग्रंथाऐवजी ते एका बागेच्या हिशेबात सापडावे, यात आम्हांस मोठा बोध वाटतो. विद्या जेव्हा माळ्याच्या हिशेबापर्यंत पोहोचते, तेव्हाच ती समाजात मुरली असे म्हणावे.

वर पोहोचल्यावर मानमंदिर. निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत कौलांचे हत्ती, बदके, केळीची झाडे पाचशे वर्षांच्या उन्हापावसानंतरही भिंतीवर टवटवीत आहेत. १५२८ मध्ये बाबराने हे राजवाडे पाहिले आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांची तारीफ लिहिली. पण याच वास्तूच्या तळघरांत मोगलांनी पुढे बंदिखाना केला. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद याला १६६१ मध्ये याच किल्ल्यावर देहान्त शासन झाले. शिखांचे सहावे गुरू हरगोविंदजी जहांगिराच्या आज्ञेने येथे कैदेत होते. सुटका होताना त्यांनी आपल्याबरोबर बावन्न राजांनाही सोडविले, अशी श्रद्धा आहे आणि त्या स्मरणार्थ ‘दाता बंदी छोड’ गुरुद्वारा आज किल्ल्यावर उभा आहे. तेथे कोणासही मज्जाव नाही, लंगरात पंक्तिभेद नाही. मुलांना तेथे जेवू घालावे. पाठ्यपुस्तकातील दहा धड्यांचे काम होईल.

पुढे सास-बहूचे मंदिर. नाव ऐकून आमच्या भगिनी हसतात. पण मूळ नाव ‘सहस्रबाहू’ असून बोलता बोलता त्याचे सासू-सून झाले असे मानतात. कच्छपघात घराण्याच्या महीपालाच्या काळी, इ. स. १०९३ मध्ये ते पुरे झाले. त्याहून जुने तेली का मंदिर. किल्ल्यावरची सर्वांत उंच इमारत. त्याचे शिखर गोल निमुळते न होता दक्षिणेकडील गोपुराप्रमाणे लांबट छपराचे आहे. उत्तर आणि दक्षिण यांची गाठ कारागिरांनी येथे बाराशे वर्षांपूर्वी घातली. आपण दक्षिणेतून येऊन उत्तरेत वसलेली माणसे. ही वास्तू आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

उरवाई घाटीत डोंगराच्या कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या भव्य मूर्ती आहेत. पंधराव्या शतकात डुंगरसिंह व कीर्तिसिंह या तोमर राजांच्या काळी त्या खोदल्या गेल्या. आदिनाथांची मूर्ती सुमारे ५७ फूट उंच. तिच्यापुढे उभे राहिले म्हणजे मनुष्य आपोआप हळू बोलू लागतो.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. यांपैकी अनेक मूर्तींचे मुख छिन्न केलेले आहे. मूल विचारते, ‘हे कोणी केले?’ या मूर्ती भग्न करण्याची आज्ञा आपण दिल्याचे बाबराने स्वतःच लिहून ठेवले आहे. आम्ही मुसलमान असून मुलांस हे जसेच्या तसे सांगतो. जे घडले ते घडले. ते लपविल्याने शिक्षकाची पत जाते आणि मुलाच्या मनात संशयाचे घर होते. पण आम्ही तेथे थांबत नाही. पुढे हेही सांगतो की, नंतरच्या काळी जैन बांधवांनी काही मूर्तींची मुखे चुन्याने पुन्हा घडविली. आणि त्याच दिवशी मुलांना आम्ही हजिऱ्यास, मुहम्मद गौस यांच्या मकबऱ्यास घेऊन जातो. अर्धे सत्य सांगणारा शिक्षक असत्य सांगणाऱ्याहून अधिक घातक. म्हणून पान दोन्ही बाजूंनी वाचावे.

शेख मुहम्मद गौस हे शत्तारी परंपरेचे सूफी. ते १५६३ च्या सुमारास निवर्तले आणि अकबराच्या काळात त्यांचा मकबरा उभा राहिला. चौरस वास्तू, कोपऱ्यांवर षट्कोनी बुरूज आणि चारी बाजूंना दगडाच्या जाळ्या. या जाळ्या म्हणजे दगडात विणलेले कापडच होय! दुपारी आत उभे राहावे म्हणजे फरशीवर उन्हाची नक्षी उमटलेली दिसते. या गौससाहेबांनी आणखी एक काम केले, ते फार थोड्यांस ठाऊक आहे. ‘अमृतकुंड’ नामक योगविषयक ग्रंथ त्यांनी फार्सीत आणला आणि त्याचे नाव ‘बहर-उल-हयात’, म्हणजे जीवनाचा सागर, असे ठेवले. सोळाव्या शतकातला एक मुसलमान साधू आसने आणि प्राणायाम फार्सी वाचकांना समजावून देतो, ही ग्वाल्हेरची गोष्ट आहे. बाबर ज्या पिढीचा, त्याच्याच जवळपासच्या पिढीचे हे गौससाहेब. पान दोन्ही बाजूंनी वाचावे असे आम्ही म्हटले ते याचसाठी.

त्याच आवारात तानसेनाची साधी, उघड्या ओट्यावरची कबर आहे. तिच्याजवळच्या चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो अशी गवयांची श्रद्धा. पाने इतकी खाल्ली गेली की झाड बिचारे कसे टिकावे! दर डिसेंबरात तेथे तानसेन समारोह होतो. प्रारंभी हरिकथा आणि मिलाद दोन्ही होतात. एकाच मांडवात, एकामागून एक. हा रिवाज सरकारी फर्मानाने घातलेला नाही. तो या मातीत उगवलेला आहे.

संगीताचा विषय निघाला म्हणून आपल्या वसाहतीच्या नावाशी जुळणारी एक आठवण सांगतो. राजा मानसिंहाच्या प्रेरणेने झालेला ‘मानकुतूहल’ हा संगीतग्रंथ पुढे फकीरुल्ला नावाच्या मोगल सरदाराने फार्सीत नेला, त्याचे नाव ‘राग दर्पण’. दर्पण शब्दाचा याहून सुंदर उपयोग आम्हांस ठाऊक नाही; एका भाषेच्या मुखाने दुसरीच्या आरशात पाहिले.

आणि ख्यालगायकीची कथा तर आपल्या घरचीच. हद्दू खान, हस्सू खान, नत्थू खान हे तिघे ग्वाल्हेरचे थोर गवई. त्यांची विद्या वासुदेवबुवा जोशांनी घेतली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रातून येथे येऊन ती वासुदेवबुवांकडून शिकले आणि परत दक्षिणेस घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ती देशभर पसरविली. महाराष्ट्रात आज जो ख्याल ऐकू येतो, त्याचा एक मोठा झरा याच शहरात उगम पावलेला आहे. निसार हुसेन खान हे शंकरराव पंडितांच्या ब्राह्मण घरात घरच्याच माणसाप्रमाणे राहिले आणि तेथे शिकवीत राहिले. त्या घराण्यात पुढे कृष्णराव शंकर पंडित झाले. १९१८ साली माधवराव महाराजांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने जे संगीत विद्यालय स्थापिले, ते माधव संगीत महाविद्यालय. जिवाजीगंजात हाफिज अली खानसाहेबांचे घर आज ‘सरोद घर’ म्हणून पाहावयास मिळते. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील नगर म्हणून मान्यता दिली. जगाने मान दिला; आपण आपल्या मुलांस एक तरी बंदिश ऐकविली काय, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

आता खाली लष्करात येऊ. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी येथे तळ दिला. छावणीचे नगर झाले, तरी नाव ‘लष्कर’ हेच राहिले. त्या तळाबरोबर दक्षिणेतून कारकून आले, शिलेदार आले, पुजारी, शिंपी, कासार आले. आणि आमच्यासारखी मराठी बोलणारी मुसलमान घराणीही आली. महाराज बाड्याभोवतीच्या निरनिराळ्या धाटणीच्या इमारती, छत्री बाजारातील शिंद्यांच्या छत्र्या, जयविलास राजवाडा ही त्या काळाची चिन्हे. जयविलास १८७४ मध्ये मायकेल फिलोज यांच्या देखरेखीखाली बांधून झाला. तेथील दरबार सभागृहातील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून बळकटीची परीक्षा घेतल्याची हकीकत सांगतात. १९६४ पासून राजवाड्याचा काही भाग संग्रहालय म्हणून खुला आहे. मुलांना जेवणाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी आवडते. ती जरूर दाखवावी. पण तेथून निघून गोरखीसही जावे. महादजी शिंद्यांनी बीडचे सूफी मन्सूरशाह यांना गुरू मानले होते आणि शिंद्यांच्या देवघरात त्या मुसलमान गुरूची गादी पूज्य मानली जाते. चांदीच्या गाडीपेक्षा ती गादी आम्हांस अधिक मौल्यवान वाटते.

फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जून १८५८ मध्ये येथे त्यांनी देह ठेवला. गंगादासाच्या मोठ्या शाळेतील साधूंनी त्यांच्या देहाची विटंबना होऊ नये म्हणून लढता लढता प्राण दिले, अशी परंपरा सांगते. झाशीच्या किल्ल्यावर त्यांची तोफ चालविणारे गुलाम गौस खान होते. समाधीपुढे मुलांस उभे करून ही दोन्ही नावे सांगावीत, साधूंचे आणि तोफचीचे. फुलबागेत तर माधवराव महाराजांनी मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज एकाच परिसरात वसविले. याहून वेगळे व्याख्यान काय द्यावयाचे?

येथवर नगराचे वर्णन झाले. आता मूळ सूचनेकडे वळतो.

आमच्या शाळेतील एक विद्यार्थिनी, नाव सांगत नाही, इतिहासात नेहमी पहिली. पुस्तकातील चित्रावरून तिने मानमंदिराचे इतके सुरेख चित्र काढले की आम्ही ते वर्गात लावले. कौतुक करून विचारले, ‘तू कधी पाहून आलीस?’ ती म्हणाली, ‘गुरुजी, मी कधी वर गेलेच नाही. बाबांना सुट्टी नसते, आणि एकटीला कोण पाठवील?’ तिच्या घरापासून किल्ला काही कोसांवर नव्हे. रिक्षाचे भाडे, प्रवेशाचे तिकीट आणि सोबतीला एक विश्वासाचे माणूस, एवढ्या तीन गोष्टींसाठी ते मूल आपल्याच नगरास पारखे झाले. अशा मुली आपल्याही कुटुंबांत आहेत. शिष्यवृत्तीने त्यांना पुस्तक मिळते. पुस्तकातले स्थळ मात्र मिळत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजी बोलतात, ते योग्यच आहे. पण घरातही मराठी आता आजी-आजोबांपुरती उरत चालली आहे. कवी भास्करराव तांबे याच ग्वाल्हेरात राहिले आणि १९४१ साली येथेच निवर्तले, हे किती मुलांस ठाऊक आहे? मुलास मराठी बोल म्हणून दटावल्याने भाषा टिकत नाही. तिला बोलण्याजोगा विषय लागतो. आजोबांनी किल्ला दाखवीत नातवाशी मराठीत बोलावे. भाषा आपोआप येईल, आणि आजोबांचे गुडघेही त्या दिवशी कमी दुखतील!

सबब आमची न्यासास विनंती अशी. दरवर्षी दिवाळीनंतर, हवा थंड झाली म्हणजे, दोन रविवार ‘नगरयात्रेस’ द्यावेत. पहिल्या रविवारी किल्ला, दुसऱ्या रविवारी हजिरा, फुलबाग आणि लष्कर. एक मोठी गाडी न्यासाने ठरवावी. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांचा, विशेषतः मुलींचा, सर्व खर्च न्यासाने सोसावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या मुलाबरोबर आणखी एका मुलाचे भाडे भरावे. सोबतीस दोन भगिनी आणि दोन वडीलधारे असावेत, म्हणजे कोणत्याही आईस काळजी वाटणार नाही. परतल्यावर प्रत्येक मुलाने एक पान मराठीत लिहावे आणि त्यांतील चांगली पाने न्यासाच्या वार्षिक पत्रिकेत छापावीत. माहिती सांगण्याचे काम आम्ही आणि आमचे दोन सहकारी विनामोबदला करू. तसेच, कोणतेही स्थळ वगळू नये. मंदिर आले म्हणून कोणी खाली थांबू नये, मकबरा आला म्हणून कोणी गाडीत बसून राहू नये. पादत्राणे काढावीत, डोके झाकावयाचे तेथे झाकावे, आणि पाहावे. पाहिल्याने कोणाचा धर्म बुडत नाही. न पाहिल्याने शेजारधर्म मात्र बुडतो.

आणखी एक छोटी शिस्त. किल्ल्याच्या भिंतींवर खिळ्याने नावे कोरणारे महाभाग आपण पाहतो. २०२४ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला आहे. ती यादी सरकार करते, पण भिंत नागरिक राखतात. यात्रेस निघताना प्रत्येक मुलाकडून एवढाच शब्द घ्यावा: भिंतीवर आपले नाव लिहिणार नाही, कागद खाली टाकणार नाही. ज्याने ८७६ साली शून्य कोरले, त्याने आपले नाव मोठे करण्यासाठी ते कोरले नव्हते.

न्यासाने पंचवीस वर्षे दान दिले. अन्नाचे दान एक दिवस पुरते, पुस्तकाचे दान एक वर्ष पुरते. आपल्या नगराची ओळख हे दान मात्र जन्मभर पुरते आणि पुढील पिढीसही वाटता येते. सुवर्णमहोत्सवाच्या वेळी आज येथे बसलेली बालके व्यासपीठावर असतील. त्या वेळी ‘किल्ल्यावर किती जण गेले आहेत?’ या प्रश्नास सर्वांचे हात वर येवोत, एवढीच इच्छा.